काम कधी होईल विचारलंत तर बंदूक परत घेऊन जा, असं सांगणाऱ्या या माणसाकडे तरीही रांग लागायची

शिंप्याकडे ब्लाउज टाकला की 'उद्या या' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण एक कारागीर असाही होऊन गेला जो 'उद्या या' म्हणायलासुद्धा तयार नव्हता.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात जर्सी सिटी नावाचं शहर आहे. तिथं १८, मॉरिस स्ट्रीट या पत्त्यावर एका जुन्या इमारतीत त्याचं वर्कशॉप होतं. आत पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे लोखंडाचा कीस, हत्यारं आणि धूळ. मात्र कुठल्या ढिगाखाली काय आहे ते त्याला बरोबर ठाऊक. पाटी लावलेली, की काम कधी मिळेल याचं वचन दिलं जाणार नाही, घाई असेल तर दुसरीकडे जा. लोक वर्षानुवर्षं थांबायचे, पण दुसरीकडे जात नसत.

भावाचं नाव हॅरी मेलव्हिल पोप. व्हॅटिकनशी काही संबंध नाही, पण रायफलवाल्यांच्या दुनियेत मान साधारण तेवढाच.

पोपचा जन्म १८६१ चा, न्यू हॅम्पशायरमधल्या वॉलपोल गावचा. १८८१ मध्ये तो एमआयटीतून इंजिनिअर होऊन बाहेर पडला. हो, तीच एमआयटी. पुढे हार्टफर्ड शहरात सायकलच्या धंद्यात नोकरीला लागला. त्या काळी सायकल म्हणजे आजच्या ईव्हीसारखा विषय होता, चांगलं चाललं होतं. पण गड्याला नाद नेमबाजीचा. बाजारातल्या रायफलींच्या नळ्या त्याला पटेनात, म्हणून १८८० च्या दशकात त्यानं स्वतःच नळ्या करायला घेतल्या. आधी छंद, मग धंदा.

आता नळीत एवढं काय असतं ते बघू, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

रायफलची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात पेचदार खाचा असतात. त्या खाचांमुळे गोळीला गिरकी मिळते आणि भोवरा जसा फिरताना उभा राहतो, तशी ती हवेत न डगमगता सरळ जाते. नेहमीच्या नळीत हा पीळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो.

पोपनं वाढता पीळ वापरला. मागच्या बाजूला, जिथून गोळी सुटते तिथं पीळ सैल आणि पुढच्या तोंडाकडे जाता जाता घट्ट. त्या काळच्या गोळ्या मऊ शिशाच्या. दारूचा धक्का बसल्या क्षणी तिला एकदम जोरात फिरवलं तर शिसं खाचा न धरता घसरतं, सोलवटून निघतं. आधी हळू फिरवा, मग वेग वाढवा, म्हणजे पकड सुटत नाही.

कल्पना त्याची नव्हे बरं का, ती त्याच्या आधीपासून होती. कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये वाढता पीळ सापडतो, इटलीच्या सैन्याच्या १८९१ च्या कार्कानो रायफलमध्येही होता. पोपची कमाल हाताची होती. आठ खाचा, डावीकडे वळणाऱ्या. एक छोटं पातं नळीतून ओढायचं, केसापेक्षा बारीक कीस काढायचा, परत ओढायचं. एकेक खाच अशी कितीतरी फेऱ्यांनी तयार व्हायची. नंतर शिशाचा गोळा आणि घासण्याची पूड घेऊन आतून हातानं घोटाई. माझं मत विचाराल तर त्याच्या नळ्यांची ख्याती पिळापेक्षा या घोटाईची जास्त होती.

गोळी भरायची रीतही भारी. दारूचं काडतूस मागून, पण गोळी पुढच्या तोंडातून. त्यासाठी नळी जरा लांब करून तिचा पुढचा तुकडा कापून घ्यायचा आणि पिनांनी पुन्हा जोडून मग दोन्हींत सलग खाचा पाडायच्या. गोळी या सुट्या तोंडातून आत सरकवायची, तुकडा काढून ठेवायचा आणि मगच बार काढायचा. त्यामुळे गोळीचा बूड खराब होत नाही आणि खऱ्या तोंडाला ओरखडा जात नाही.

झिजलेल्या नळ्यांचंही काम त्याच्याकडे यायचं. तेव्हाच्या दारूमुळे आणि टोपीतल्या क्षारांमुळे नळ्या आतून गंजायच्या. गंजलेली नळी टाकून द्यायची नाही. जुन्या खाचा निघेपर्यंत आतून मोठी करायची आणि नव्या खाचा पाडायच्या. .२२ इंचाची नळी अशी .२५ ची व्हायची. जुनं सोनं वितळवून नवा दागिना करतात ना, तसंच काहीसं.

१९०१ मध्ये स्टीव्हन्स कंपनीनं त्याला बोलावलं. स्टीव्हन्स-पोप नावानं नळ्या विकल्या जाऊ लागल्या. पण कारखान्यात प्रत्येक नळीवर त्याचा हात कसा फिरणार? १९०५ ला तो बाहेर पडला. नाव मात्र कंपनीकडेच राहिलं, त्याच्यानंतरही नळ्यांवर पोप छापलं जात होतं. आजही संग्राहक हार्टफर्डच्या नळ्या वेगळ्या मोजतात आणि कारखान्याच्या वेगळ्या.

मग त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत नवं दुकान थाटलं. साल १९०६, महिना एप्रिल. ज्यांना इतिहास माहितीये त्यांनी कपाळावर हात मारला असेल. १८ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला, मागोमाग शहर पेटलं. नुकतंच लावलेलं दुकान गेलं. वय पंचेचाळीसच्या घरात, पुन्हा शून्यापासून सुरुवात.

१९०८ मध्ये तो जर्सी सिटीत आला आणि तिथंच चाळीसएक वर्षं टिकला. पण त्याचं गिऱ्हाईक म्हणजे जर्मन वंशाचे शौकीन. २०० यार्डांवर उभं राहून नेम धरण्याच्या स्पर्धा त्यांच्या क्लबांत व्हायच्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनांविरुद्ध वातावरण तापलं आणि हा खेळच ओसरला. पोप .२२ च्या आणि पिस्तुलांच्या नळ्या करत राहिला. लुसियन केरी नावाच्या लेखकानं त्याच्यावर बेतलेलं जे. एम. पाइन हे पात्र रंगवलं, आणि कधी बंदूक न धरलेल्या लोकांनाही हा विक्षिप्त म्हातारा माहीत झाला.

वाढता पीळ पुढे रायफलींतून जवळपास गेला. तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या आल्यावर त्याची तेवढी गरज उरली नाही आणि असे खाचे पाडणं महागही पडतं. पण एफ-१६ विमानातल्या व्हल्कन तोफेच्या नळ्यांत तो आहे.

पोप १९५० मध्ये जर्सी सिटीतच वारला, वयाच्या ८९ व्या वर्षी.