व्याधिग्रस्त देह, अविचल चित्त

पनवेलमध्ये सोनबा येलवे यांची कथा आजही आदराने सांगितली जाते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर या वाटेने पुन्हा जातील आणि त्यांना तहान लागलेली असेल, या आशेने सोनबा पाण्याची घागर भरून त्यांची वाट पाहत असत. ज्या महामानवाने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून कोट्यवधींची तहान जगापुढे मांडली, त्याला उत्तरायुष्यात आणखी एका वैऱ्याशी झुंजावे लागले. तो वैरी म्हणजे मधुमेह.

मधुमेहात शरीराला रक्तातील साखर वापरता येत नाही. ती लघवीवाटे पाणी घेऊन बाहेर पडते; म्हणून तहान शमत नाही, थकवा जात नाही आणि कालांतराने डोळे व पायांच्या नसा दुखावतात. या व्याधीवरील इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडात लागला. त्या वेळी बाबासाहेब लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते. पुढे आपल्यालाच त्या औषधाचा आधार घ्यावा लागेल, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

फेब्रुवारी १९४८ मध्ये राज्यघटनेचा मसुदा तयार झाला, तेव्हा त्यांची प्रकृती ढासळली होती. झोप येत नसे, पायांत असह्य वेदना होत, इन्सुलिनही सुरू होते. त्या काळचे इन्सुलिन म्हणजे रोजची कटकट होती. काचेची सिरिंज आणि जाड सुई प्रत्येक वेळी उकळावी लागे. घरच्या घरी रक्त तपासण्याचे यंत्र नव्हते. लघवीत निळे द्रावण मिसळून तापवायचे आणि ते हिरवे, पिवळे की विटकरी होते, यावरून साखरेचा अंदाज बांधायचा. सुई घेतल्यावर जेवण लांबले, तर घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. म्हणजे हा रोग माणसाला घड्याळाशी बांधून टाकतो. आणि बाबासाहेब तर रात्र रात्र ग्रंथांत हरवून जाणारे! पथ्य, वेळ आणि विश्रांती या तिन्ही गोष्टी त्यांच्या कार्याच्या आड येत होत्या.

१५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा दिल्लीत विवाह झाला. पत्नी आणि डॉक्टर अशा दोन्ही नात्यांनी माईसाहेबांनी त्यांची शुश्रूषा केली. महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या वाट्याला संशय आला. मात्र बाबासाहेबांच्या दीर्घ आजाराचा इतिहास ज्यांनी नीट समजून घेतला, त्यांना त्या सेवेचे मोल कळते.

त्या शुश्रूषेच्या आधाराने पुढील कार्य घडत गेले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. हिंदू कोड बिलासाठी ते झगडले आणि १९५१ साली मंत्रिपद सोडून बाहेर पडले. १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळले होते. दृष्टीही मंदावली होती. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी स्वतः धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी हा देह शांत झाला.

वृद्ध आणि रुग्ण नकुलपित्याला तथागतांनी उपदेश केला होता, की देह व्याधिग्रस्त झाला तरी चित्त व्याधिग्रस्त होऊ देऊ नये. बाबासाहेबांनी तो उपदेश जगून दाखविला. मात्र त्याचा अर्थ देहाची हेळसांड करावी असा नव्हे. निवासी शाळेतील एखाद्या मुलाला जेवणाच्या घंटेपूर्वी सुई टोचून घ्यावी लागत असेल, तर त्याने ती लपवू नये. आणि सोबत्यांनी त्याचे ताट वेळेवर वाढावे, त्याच्या खिशातल्या साखरेला हसू नये. सोनबांची घागर आपल्याला हेच शिकविते: दुसऱ्याची तहान ओळखून त्याच्यासाठी उभे राहणे, हीच मैत्री आणि हीच करुणा.

महामानवाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम!