विश्लेषण : संत ज्ञानेश्वर एक की दोन? स्वभावाचे साचे कुठे अपुरे पडतात?

मोबाइलवर काही प्रश्नांची उत्तरे दिली, की माणूस १६ पैकी कोणत्या प्रकारचा ते चार अक्षरांत सांगणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी आता सर्वांच्या ओळखीची आहे. तिचा पाया कार्ल युंग यांच्या १९२१ मधील ग्रंथात आहे. माणसांना अशा खणांत बसवण्याची हौस मात्र जुनी. आळंदीच्या ज्ञानेश्वरांना ती दोनदा भोवली, एकदा बालपणी आणि एकदा समाधीनंतर सहाशे वर्षांनी.

बालपणीचा पेच काय होता?

वडील विठ्ठलपंत काशीत संन्यास घेऊन, गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात परतले. गृहस्थाने संन्यासी व्हावे, हे शास्त्राला मान्य होते. उलटा प्रवास नव्हता. त्यामुळे निवृत्तीनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई ‘संन्याशाची पोरे’ ठरली. मुंजीचा अधिकार नाकारला गेला. परंपरेनुसार आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, मुले शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. तिथली रेड्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. मूळ अडचण मात्र मुले कोणत्या रकान्यात घालायची, एवढीच होती.

दुसरा पेच कोणता?

शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवाशात सुमारे नऊ हजार ओव्यांची ‘भावार्थदीपिका’ म्हणजे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तेव्हा ज्ञानेश्वर अवघे १५ वर्षांचे. पुढे ‘अमृतानुभव’ हा निखळ तत्त्वचर्चेचा ग्रंथ, चांगदेवांना लिहिलेल्या ६५ ओव्या, हरिपाठ. शिवाय स्त्रीच्या तोंडी घातलेल्या विराण्या. थोरल्या भावाकडून नाथपंथाची दीक्षा घेतलेला योगी विठ्ठलासाठी इतका व्याकूळ कसा होईल?

१९व्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’ पत्रातून शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने उत्तर दिले : ज्ञानेश्वरी लिहिणारा वेगळा, अभंग रचणारा वेगळा. मोठा वाद पेटला. भारदे यांचा भाषेचा मुद्दा वजनदार होता, कारण अभंगांची मराठी नवी वाटते. पण अभंग तोंडोतोंडी टिकले, आणि गाताना भाषा बदलतेच. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतही इतके अशुद्ध पाठ शिरले होते, की एकनाथांना शके १५०६ मध्ये ती शुद्ध करावी लागली. स्वभावाचा मुद्दा त्याहून कच्चा. योगी भक्त असू शकत नाही, हे आधीच गृहीत धरले, तरच माणसे दोन होतात.

मग जुने गुणविचारही असेच होते का?

पूर्णपणे नाही. गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्व, रज आणि तम हे एकाच माणसात आलटून पालटून वरचढ होतात. ज्ञानेश्वरांनी त्यावरही विस्ताराने भाष्य केले आहे. आजच्या चाचणीची अडचण नेमकी इथे येते : बहुतेक माणसे अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मध्ये कुठेतरी असतात, चाचणी मात्र त्यांना एका बाजूला ढकलते. म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली, तर अनेकांची अक्षरे बदलतात.

ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये (इ. स. १२९६) कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली, वयाच्या २१ व्या वर्षी. त्यांच्या नावावरील कोणता अभंग खरा त्यांचा, याचा शोध अभ्यासक आजही घेतात, जुन्या हस्तलिखितांच्या आणि भाषेच्या आधारे.