लिओ फेंडर : गिटार न वाजवणारा गिटारकार
लिओ फेंडर यांचा जन्म १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात झाला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओंना गिटार वाजवता येत नसे, म्हणून ते वादकांच्या तक्रारी लक्षपूर्वक ऐकत. त्यांच्या गिटारची पट्टी ७.२५ इंच त्रिज्येच्या गोलाईची असे. अशा पट्टीवर फ्रेटची, म्हणजे सूर ठरवणारी आडवी तार सरळच ठोकली, तर तिची टोके वर उचलली जातात. त्यामुळे ती आधी पट्टीपेक्षा किंचित जास्त वाकवतात. झिजलेले फ्रेट बदलणे किचकट असते. म्हणून लिओंनी दांडा स्क्रूंनी जोडला. तो अख्खाच बदलता येई. १९५१ मध्ये ‘टेलिकास्टर’ हे नाव आले, १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’. आजारपणामुळे १९६५ मध्ये त्यांनी कंपनी विकली. पण १९९१ मध्ये निधन होईपर्यंत ते गिटार घडवत राहिले.