विस्मृतीच्या पाशात ‘सावकारी पाश’

कलाकृतीच्या थोरवीचा निवाडा तिकीटबारीवर होतो, हा समज जुना आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे चरित्र तो खोटा ठरवते. परंतु अशा खोट्या समजाची किंमत समाजाला किती जबर मोजावी लागते, याचीही साक्ष तेच चरित्र देते.

कोल्हापुरात १८९० साली जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री ‘पेंटर’ म्हणून ओळखले जाऊ लागले ते नाटक मंडळ्यांच्या पडद्यांमुळे. नात्याने बंधू असलेल्या आनंदरावांसह त्यांनी रंगविलेल्या पडद्यांची त्या काळी ख्याती होती. दोघांनाही चलत्‌चित्रांचा ध्यास लागला आणि कॅमेरा स्वतःच घडविण्याची खटपट सुरू झाली. १९१६ साली आनंदराव गेले. तरीही बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने कॅमेरा पुरा केला, तानीबाई कागलकर या गायिकेचे अर्थसाह्य मिळविले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० साली ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांनी त्यांना मान दिला होता. तीच वाट पुढे चालणे सुखाचे होते. पण १९२५ साली त्यांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीत राबायला जाणारा शेतकरी हा त्याचा नायक. ती भूमिका तरुण शांतारामांनी केली. देवादिकांचे चमत्कार नाहीत, राजवाडे नाहीत. आहे ती अंधारात बुडालेली झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारा कुत्रा. ते दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात पुढे अनेक वर्षे राहिले. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ हाच प्रश्न घेऊन आला तो १९५३ साली, म्हणजे तब्बल २८ वर्षांनी.

प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरविली. चमत्कारांना सरावलेल्या डोळ्यांना आपल्याच गावचे दारिद्र्य पडद्यावर पाहणे रुचले नसावे. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृती शिष्यांनी बाहेर पडून ‘प्रभात’ स्थापन केली. शिष्यांची कीर्ती देशभर पसरली. गुरूची कंपनी मात्र काही काळातच बंद पडली. तरीही बाबूरावांचा त्या विषयावरचा विश्वास ढळला नाही. १९३६ साली तोच ‘सावकारी पाश’ त्यांनी बोलपटाच्या रूपात पुन्हा सादर केला. १९५४ साली ते निवर्तले.

१९२५ चा तो मूकपट आज उपलब्ध नाही. त्या काळची फीत ज्वालाग्राही. तिच्यातील चांदीच्या लोभाने किती चित्रपट वितळविले गेले असतील, त्याची गणती नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर आपल्याकडच्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले होते.

न चाललेला चित्रपट जपावा कशाला, हा व्यवहारी प्रश्न त्या वेळी कोणालाही गैर वाटला नसेल. परंतु काळापुढे पाहणारी कृती पहिल्या पिढीला बहुधा परकीच वाटते; तिला दुसऱ्या पिढीची वाट पाहावी लागते. ती तोवर जिवंत ठेवणे एवढेच समाजाचे काम असते. बाबूरावांनी आपले काम दोनदा केले. आपले काम समाजाने एकदाही केले नाही.