वडील दारूने गेले, मुलीच्या बारशाला दारू बंद केली. गाडगेबाबांचा हा लढा माहीत आहे का?

हातात खराटा, डोक्यावर खापर आणि अंगावर चिंध्या. गाडगेबाबांची ही ओळख सगळ्यांना आहे. पण त्यांचे बालपण दारूने मोडलेल्या घरात गेले होते. आज घरातले कोणी दारू सोडायचा प्रयत्न करत असेल, तर त्यांचे आयुष्य नव्याने वाचण्यासारखे आहे.

सुरुवात कुठे झाली?

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात, परीट कुटुंबात. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबूजी लहान असतानाच वारले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. मामाची गुरे राखणे, शेतात राबणे यातच डेबूजींचे दिवस गेले. शाळा मिळाली नाही.

बारशाला काय घडले?

बारसे असो की लग्न, कार्य म्हटले की भाऊबंदांना दारू-मटणाचे जेवण द्यायचे, अशी तेव्हाची रीत होती. त्यासाठी लोक कर्जही काढत. डेबूजींनी मुलीच्या बारशाला ही रीत मोडली आणि पंगतीत गोडाचे जेवण वाढले. नातेवाईक नाराज झाले, पण ते मागे हटले नाहीत.

यातली खरी अडचण आजही तशीच आहे. दारू सोडणारा माणूस आधी एकटा पडतो. हळद, जत्रा, निवडणूक, मित्रांची बैठक अशा प्रत्येक ठिकाणी आग्रह होतो. पिण्याची सवय चारचौघांत लागते, म्हणून ती सोडतानाही चारचौघे सोबत लागतात.

कीर्तनाचा उपयोग कसा झाला?

१ फेब्रुवारी १९०५ रोजी बाबांनी घर सोडले. गावात आले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. ते समोरच्यांना साधे प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. दारू, कर्ज, पशुबळी, अस्पृश्यता हे त्यांचे विषय. दारूने घराचे काय होते, याचे उत्तर सगळ्या गावासमोर द्यावे लागे. चुकीची कबुली अशी चारचौघांत व्हायची.

१९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी एकमेकांना सावरले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. तिथे दारू सोडलेला माणूस दुसऱ्याला स्वतःचा अनुभव सांगतो. सभासदांची ओळख गुप्त राहते. फी नसते. आजचा एक दिवस न पिता काढायचा, एवढेच ध्येय असते. बाबांची वाट वेगळी होती, ते स्वतः कधी व्यसनी नव्हते. पण सोबतीचे बळ दोन्हीकडे दिसते.

सातारा-सांगलीशी नाते काय?

दारू आणि सणावारावरचा खर्च वाचवून मुलांना शिकवा, असा बाबांचा आग्रह होता. त्यामुळेच साताऱ्यातील कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेशी त्यांचे जवळचे नाते जुळले. कराडमध्ये १९५४ साली सुरू झालेल्या रयतच्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे.

पुढे साताऱ्यात जन्मलेले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात 'परिवर्तन'च्या माध्यमातून व्यसनमुक्तीचे काम उभे केले.

घरच्यांनी काय करावे?

- रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असा त्रास होऊ शकतो. त्यामुळे आधी डॉक्टरांना दाखवा.
- घरच्या कार्यात दारू ठेवू नका, कोणाला आग्रह करू नका.
- गटाच्या बैठकीला पहिल्या दिवशी सोबत जा.
- पुन्हा घसरण झाली तर हिणवू नका, उपचार पुन्हा सुरू करा.
- केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ बाबांचे निधन झाले. त्यांनी खराट्याने गावे झाडली, हे सगळ्यांना आठवते. पण त्याआधी त्यांनी स्वतःच्या घरची पंगत स्वच्छ केली होती.