विश्लेषण : वेठीपासून वेतनापर्यंत... राजर्षी शाहूंनी कामाला दाम कसा मिळवून दिला?

मुरगूड, बिद्री, हमीदवाडा या पट्ट्यातला तरुण आज कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, तेव्हा दोन गोष्टी तो गृहीत धरतो. काम केले की पगार मिळणार आणि काम पटले नाही तर ते सोडता येणार. शंभर वर्षांपूर्वी याच मुलखातल्या अनेक घरांना या दोन्ही गोष्टी ठाऊक नव्हत्या. कोणी कोणते काम करायचे हे जन्माने ठरे. त्या कामाचा रोख मोबदला मिळेलच असे नसे आणि नकार देण्याची सोयही नसे.

शाळा, वसतिगृहे आणि आरक्षण यांसाठी राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव घेतले जाते. मात्र त्यांच्या २८ वर्षांच्या कारभाराकडे कामाच्या अंगाने पाहिले, तर या साऱ्या निर्णयांमधला एक धागा स्पष्ट दिसतो. माणसाचे श्रम जातीच्या दावणीतून सोडवायचे आणि त्यांना दाम मिळवून द्यायचा, हा तो धागा.

कागलचा मुलगा करवीरच्या गादीवर कसा आला?

शाहूंचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार. चौथ्या शिवाजी महाराजांच्या निधनानंतर १७ मार्च १८८४ रोजी त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

मुरगूड हा त्या वेळच्या कागल जहागिरीचा भाग. मुरगूडच्या तलावाला ज्यांचे नाव आहे, ते सर पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब घाटगे हे शाहूंचे धाकटे सख्खे भाऊ. म्हणजे छत्रपती झालेला हा तरुण वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्याला परका नव्हता.

वतन आणि वेठ म्हणजे नेमके काय?

त्या काळी गावगाडा वतनावर चाले. कुलकर्ण्याचे वतन लेखणीचे, पाटलाचे गावच्या कारभाराचे, तर महाराचे वतन राबण्याचे. सरकारी टपाल पोचवणे, वसुलीची रक्कम चावडीवरून कचेरीत नेणे, हद्दीचा वाद असेल तर उभे राहणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, आलेल्या अधिकाऱ्याचे ओझे वाहणे, अशी ही कामे. त्याबदल्यात थोडी सामाईक जमीन आणि सुगीत बलुते मिळे. पिढीगणिक वाटण्या होऊन जमिनीचा तुकडा लहान होत जाई. काम मात्र कमी होत नसे. घरातल्या एकाने नकार दिला तर साऱ्या भावकीच्या वतनावर गदा येण्याची भीती असे.

याच्या जोडीला वेठ होती. अधिकाऱ्याचा मुक्काम गावात पडला की लाकूडफाटा, चारा, बैलगाडी, हमाली हे सारे गावातल्या दुबळ्या जातींकडून फुकट किंवा नाममात्र मोबदल्यात करून घेतले जाई. पेरणीचे दिवस असोत की घरात आजारी माणूस असो, हाक आली की जावे लागे. अशा माणसाला स्वतःचे श्रम बाजारात नेऊन विकताच येत नव्हते. ते आधीच दुसऱ्याच्या मालकीचे होते.

दुष्काळात सरकारने काय केले?

गादीवर येऊन दोन-तीन वर्षे होतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. पाठोपाठ प्लेगची साथ आली. शाहूंनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, जनावरांसाठी सरकारी जंगले चराईला खुली केली. रस्ते, तलाव, विहिरी यांची कामे काढून लोकांना मजुरी मिळवून दिली. ज्यांना काम झेपणार नव्हते अशा निराधारांच्या पोटाची वेगळी सोय केली.

यातला एक निर्णय आजही थांबून पाहण्यासारखा आहे. दुष्काळी कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी कामाजवळच शिशुगृहे उघडण्यात आली. मूल सांभाळायला कोणी नसेल तर आईला मजुरी बुडवावी लागते, ही साधी गोष्ट त्यामागे होती. कामाच्या ठिकाणी पाळणाघर असावे, ही मागणी आज कारखान्यांत आणि रोजगार हमीच्या कामांवर हक्काची मानली जाते.

१९०२ चा हुकूम नोकरीच्या बाजाराबद्दल काय सांगतो?

संस्थानात दरमहा रोख पगार देणारा सर्वांत मोठा मालक म्हणजे खुद्द दरबार. ही दारे कोणासाठी उघडी होती, हे आकड्यांवरून दिसते. १८९४ मध्ये सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. कारकुनीच्या सुमारे ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे जेमतेम १० होत्या. शेतात राबणारा आणि कर भरणारा वर्ग पगाराच्या यादीत जवळजवळ नव्हताच.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू इंग्लंडला गेले. ते तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. ज्या कचेरीत त्यांचे प्रमाण निम्म्यापेक्षा कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातून करायची. खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तपशील दर तिमाहीला सादर करायचा. हे तिमाही पत्रक महत्त्वाचे होते. त्यामुळे हुकूम फाइलीत पडून राहिला की अमलात आला, हे तपासता येत होते. १९१२ पर्यंत प्रशासनातल्या ९५ जागांपैकी ब्राह्मणांकडे ३५ उरल्या होत्या.

जागा राखल्या तरी शिकलेले उमेदवार हवेत. म्हणून हुकमाच्या आधीपासूनच वसतिगृहांचे काम सुरू झाले होते. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी, पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा विविध समाजांसाठी आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. नोकरी, वसतिगृह आणि शाळा ही एकाच साखळीची कडी होती.

युरोपात तेव्हा काय चालले होते?

त्या काळात युरोपातील सरकारे कामगाराच्या आयुष्यातले धोके आपल्या अंगावर घेऊ लागली होती. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वृद्धापकाळाचा विमा आणला. ब्रिटनमध्ये १९०८ मध्ये वृद्धांना निवृत्तिवेतन, १९०९ मध्ये सरकारी रोजगार केंद्रे आणि १९११ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा झाला.

या बहुतेक योजना मजुरी मिळते हे गृहीत धरून आखलेल्या होत्या. विम्याचा हप्ता पगारातून कापला जाई. युरोपने सक्तीच्या राबणुकीचा प्रश्न त्याआधी बराचसा निकालात काढला होता. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीत सरंजामी हक्क मोडीत निघाले, रशियात १८६१ मध्ये भूदास मुक्त झाले. कोल्हापुरात मात्र ज्याला पगारच नाही, त्याच्या पगारातून कापणार काय, असा प्रश्न होता. इथे आधी वेठ संपवायची होती आणि पगाराची कामे निर्माण करायची होती. शाहूंना दोन्ही कामे एकाच हयातीत हाती घ्यावी लागली.

पगाराची कामे उभी करण्यासाठी १८९५ मध्ये शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली गेली. १९०६ मध्ये कोल्हापुरात सूत आणि कापडाच्या शाहू मिलचा पाया घातला गेला. पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. पैशाअभावी ते मध्येच थांबले आणि त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. मात्र जिल्ह्यातल्या उसाच्या आणि पर्यायाने आजच्या साखर कारखान्यांच्या रोजगाराची वाट त्या धरणाने मोकळी केली.

१९१८ ते १९२० या काळात काय बदलले?

आयुष्याच्या शेवटच्या चार वर्षांत शाहूंनी थेट वतनाच्या मुळावर घाव घातला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमण्याची पद्धत आली. त्याच वर्षी महार वतन रद्द झाले आणि जमिनी रयतावा करून एकेकाच्या नावावर देण्याचा निर्णय झाला. सेवेचे ओझे गेले, पण जमीन राहिली. गुन्हेगार ठरवलेल्या जातींना रोज चावडीवर द्यावी लागणारी हजेरीही याच वर्षी बंद झाली. हजेरीच्या बेडीमुळे या माणसांना परगावी कामाला जाणेच अशक्य होते. १९२० मध्ये वेठबिगारी बंद करण्याचा हुकूम निघाला.

हुकमांच्या पलीकडे दरबाराने स्वतः अस्पृश्य समाजातील लोकांना माहूत, गाडीवान, तलाठी म्हणून नेमले. काहींना वकिलीच्या सनदा दिल्या. फासेपारध्यांना पहारेकऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का होता, त्यांच्याच हाती राखणदारी सोपवली गेली.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट याच काळातली. ते दरबारच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहूंनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना भांडवल देऊन कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. धंद्याला भांडवलाइतकेच गिऱ्हाईक लागते आणि जात ते गिऱ्हाईक तोडते, हे त्यांनी ओळखले होते.

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि शाहू स्वतः तिथे हजर राहिले.

मर्यादा कोणत्या होत्या?

संस्थानिकाच्या हुकमाला सीमा असतात. कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा अशा मोठ्या जहागिरदारांना आपापल्या भागात कारभाराचे अधिकार होते आणि या साऱ्यावर ब्रिटिशांची नजर असे. दरबारात निघालेला हुकूम प्रत्येक चावडीपर्यंत तितक्याच जोराने पोचेलच असे नव्हते. वतन गेल्यावर बलुत्याची भाकरी जाणार, ही धास्तीही खरी होती. पर्यायी मजुरी गावोगाव उपलब्ध नव्हती. आजारपण किंवा म्हातारपणाचा विमा हा टप्पा तर दूरच राहिला.

पुढे काय झाले?

६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहूंचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. ब्रिटिश मुलखात वतनाचा प्रश्न तसाच होता. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने सक्तीच्या श्रमाविरुद्धचा करार १९३० मध्ये केला, म्हणजे कोल्हापूरच्या हुकमानंतर १० वर्षांनी. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि देशभर वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये आला.

वतने आज उरलेली नाहीत. तरीही उचल घेऊन हंगामभर फडात अडकणारा ऊसतोड मजूर, मूल सोबत घेऊन बांधकामावर जाणारी बाई किंवा कंत्राटावर राबणारा तरुण यांचे प्रश्न त्याच दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात. कामाचा पुरता दाम मिळतो का आणि नको असलेले काम सोडता येते का? शाहूंच्या कारभाराची आठवण काढायची, तर ती याच दोन प्रश्नांच्या कसोटीवर काढायला हवी.