लक्ष्मणरावांची बेळगावची वर्षे

आमच्या बेळगाव-निपाणी भागात अलीकडे उद्योजकतेवरील व्याख्यानांना ऊत आला आहे. मंगल कार्यालय घ्यावे, पुण्याहून किंवा बंगळूरहून एखादा वक्ता आणावा, आणि त्याने तरुण मंडळींना पहाटे चारला उठण्याचा, दिवसाचे टिपण ठेवण्याचा, मोठी स्वप्ने पाहण्याचा उपदेश करावा, असा एकंदर थाट असतो. मीही अशा दोन-चार सभांना जाऊन बसलो आहे. उपदेशात वाईट काही नसते. पहाटे उठल्याने कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही. पण उदाहरणे सारी सातासमुद्रापलीकडच्या धनाढ्यांची. याच बेळगावच्या एका रस्त्यावर ज्याने सायकली दुरुस्त केल्या, ज्याचा पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, त्याचे नाव निघाले तरी ‘जिद्द’ या एका शब्दात गुंडाळून वक्ता पुढे जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना जिद्द होतीच. पण जिद्दीचे पुष्कळ लोक मी बुडालेले पाहिले आहेत. लक्ष्मणराव बुडाले नाहीत याचे कारण निराळे असावे, आणि ते त्यांच्या बेळगावच्या वर्षांत सापडते, असे मला वाटते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. याच गावी आणि याच घराण्यात त्यांच्या आधी सव्वीस वर्षे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून त्यांनी मराठी संगीत नाटकाचा पाया घातला, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. एका लहानशा कानडी मुलखातील गावाने महाराष्ट्राला नाटकही द्यावे आणि नांगरही द्यावा, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. घरात पोथ्या, आणि मुलाचे चित्त मात्र चित्रांत आणि यंत्रांत. शाळेत मन रमेना. शेवटी १८८५ साली, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर, ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तेथे दोन वर्षे काढल्यावर असे उघड झाले की या विद्यार्थ्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपणा म्हणजे गवयाचा आवाज जाण्यासारखेच. कोणीही खचून गावी परतला असता आणि चार माणसांनी त्यालाच शहाणपण म्हटले असते. लक्ष्मणरावांनी हिशेब केला तो एवढाच, की रंग गेले तरी रेघ उरली आहे. यंत्रांची रेखाचित्रे काढावयास रंग लागत नाहीत. ती विद्या त्यांनी धरली आणि मुंबईतच नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक शिक्षक झाले. शिकवता शिकवता तेथल्या कर्मशाळेत लेथ, भट्टी, साचे यांच्यावर हात बसवून घेतला. पुस्तकातले यंत्र आणि हाताखालचे यंत्र यांतला फरक त्यांना तेथे कळला.

आता आजच्या तरुणांनी विशेष लक्ष द्यावे अशी जागा येते. किर्लोस्करांची पेढी आपली स्थापना १८८८ सालची मानते. त्या वेळी लक्ष्मणराव एकोणीस वर्षांचे होते आणि मुंबईस होते. बेळगावचे सायकलींचे दुकान चालवीत ते रामूअण्णा. धाकट्याने मुंबईहून सायकली पाठवाव्यात, थोरल्याने त्या बेळगावात विकाव्यात आणि विकत घेणाराला बसायलाही शिकवावे. या शिकवणीचे पंधरा रुपये घेत. पंधरा रुपये म्हणजे त्या काळी एखाद्या कारकुनाचा महिन्याचा पगार. सायकल ही तेव्हा साहेबलोकांची आणि हौशी वकिलांची चैन होती. तिच्यावर सारे घर चालेल असे दोघां भावांनीही मानले नसावे. पण मुंबईची नोकरी चालू होती, तिच्या पगारावर बेळगावचे दुकान तग धरीत होते, आणि दुकानाच्या निमित्ताने माल मागवणे, जोडणे, उधारी वसूल करणे, गिऱ्हाइकाचा राग सोसणे ही सारी विद्या घरी येत होती. आधी सारे दोर कापून टाका, मगच उडी घ्या, हा सभांतून ऐकू येणारा सल्ला या माणसाने पाळलेला दिसत नाही. मोठ्या मनसुब्याच्या शेजारी त्याने नेहमी पोटापुरते एक लहान काम ठेवले. ही सवय त्याच्या पुढच्या आयुष्यातही पुनःपुन्हा दिसते.

नोकरी सुटली तीही आवेशाने नव्हे. बढतीची पाळी लक्ष्मणरावांची होती. ती डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला जागा दिली गेली. अपमान गिळून तेथेच राहणारे पुष्कळ असतात. वर्षानुवर्षे तोच अपमान उगाळीत बसणारे त्याहूनही पुष्कळ. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले, ते नऊ-दहा वर्षे घडत आलेल्या आपल्याच दुकानात.

बेळगावात त्यांनी सायकलीवरून जो रोख वळवला तो शेतकऱ्याकडे. सायकल घेणारे शहरात बोटांवर मोजण्याएवढे, शेतकरी चहूकडे. कारखाना म्हणजे काय, तर थोडी अवजारे, एक छोटे इंजिन आणि हाताखाली मोजकी माणसे. पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. हे यंत्र निवडण्यात केवढे व्यवहारज्ञान आहे ते शहरी वाचकाला चटकन उमगणार नाही. अख्खा कडबा गुरांपुढे टाकला की ती पाला खातात आणि जाड धाटे पायदळी तुडवतात. तोच बारीक कापून घातला तर सारा पोटात जातो. दुष्काळी सालात तर ही बचत म्हणजे बैल जगण्या-मरण्याचा प्रश्न. शिवाय या यंत्रासाठी शेतकऱ्याला आपली कोणतीही जुनी समजूत मोडावी लागत नव्हती. त्यामुळे ते खपले.

नांगराची गोष्ट वेगळी. आमच्या निपाणीकडची काळी जमीन ज्याने उन्हाळ्यात पाहिली आहे त्यालाच लाकडी नांगराचे दुखणे कळेल. हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात; लाकडी नांगर ती वरवर खरडतो. खोल घालावयाचा तर चार-चार, सहा-सहा बैलजोड्या जुंपाव्या लागत, आणि एवढे बैल एका घरी नसत म्हणून सावड करावी लागे, दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागे. तोवर पाऊस आला की संपले. लोखंडी नांगर विलायतेहून येत होते; पण ते महाग, आणि मोडले तर त्यांचा तुकडा येथे मिळायचा नाही. लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास आपला लोखंडी नांगर घडवला.

आणि तो पडून राहिला. लोखंडाने जमीन विषारी होते, ती पिकायची बंद होते, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. या समजुतीला हसण्यात अर्थ नाही. ज्याच्याजवळ जमिनीचा एकच तुकडा आहे, त्याने परक्या माणसाच्या शब्दावर तो पणाला का लावावा? माल उत्तम आहे आणि घेणारा कोणी नाही, अशी ही दोन वर्षे. मला या चरित्रात सर्वांत अधिक मोलाची वाटतात ती हीच. त्या दोन वर्षांत कडबा कापण्याच्या यंत्राने घर आणि कारखाना जगवला. नांगर विकला गेला नाही म्हणून चूल विझली नाही, आणि चूल विझली नाही म्हणून नांगर मोडीत घालावा लागला नाही. जिद्दीइतकेच श्रेय या साध्या तजविजीचे आहे.

पुढे एकाने घेतला, त्याचे शेत दुसऱ्याने पाहिले, तिसऱ्याने बांधावर उभे राहून खात्री करून घेतली. आमच्या घरच्या गोठ्यात आजोबांच्या काळचा असा एक नांगर माझ्या लहानपणी होता. त्याची बाकीची चौकट तीच, फाळ मात्र किती वेळा बदलला असेल याची गणती नव्हती. फाळ झिजला की बाजारातून आणावा, चाकीबोल्ट सोडवून बसवावा आणि दुपारी पुन्हा औत जुंपावे. विलायती नांगराला जे साधले नाही ते यात होते.

कारखान्याला जरा बरे दिवस येतात न येतात तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेला शहराबाहेर ठळकवाडीची नवी वसाहत वसवावयाची होती, आणि तीत कारखान्याची जागा जात होती. नगरपालिकेवर मी दोष ठेवीत नाही. वाढत्या शहराला जागा लागतेच. पण वीस-बावीस वर्षांचे बेळगाव एका नोटिशीने सुटावयाची वेळ आली. आणि येथे पुन्हा ते शेजारचे लहान काम उपयोगी पडले. त्याच सुमारास लक्ष्मणरावांनी औंधला सभामंडप बांधण्याचे काम पत्करले होते. नांगरवाल्याने मंडप कशाला बांधावा, असे कोणी म्हटलेही असेल. पण त्यामुळेच ते औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या नजरेसमोर होते. बाळासाहेब नुकतेच गादीवर आलेले, स्वतः चित्रकार, कलेचे मोठे दर्दी. ज्याला रंग दिसत नाहीत असा कारागीर आणि ज्याला रंगांचे वेड आहे असा राजा, अशी ही जोडी जमली. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन देऊ केली.

१९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव तेथे उतरले तेव्हा ती जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांची वस्ती होती. बरोबर रामूअण्णा आणि सुमारे पंचवीस कामगार, आपापल्या बायकामुलांसह. बेळगावसारखे शहर सोडून त्या माळावर झोपड्यांत संसार थाटणाऱ्या त्या बायांची नावे कोणत्याही सभेत घेतली जात नाहीत, याची मला खंत वाटते. किर्लोस्करवाडी पुढे कशी वसली हे सर्वश्रुत आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे की माणसे निवडण्याची लक्ष्मणरावांची रीत त्या काळच्या आपल्या घराण्यांना मानवण्यासारखी नव्हती. शाळा अर्धवट टाकलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. हिशेबनीस मंगेशराव रेगे, बोलण्यात चतुर असे कुळकर्णी, शंभूराव जांभेकर, सारे आपापल्या जागी फुलले. दरोड्याची शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या हाती रात्रीची राखण सोपवली होती, आणि त्यांनी ती इमानाने केली. वाडीत शिवाशीव पाळावयाची नाही असा दंडक होता. वेदान्ती काशिनाथपंतांच्या मुलाने हे केले, हे जुन्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी पेटवली गेली. कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा त्या भट्टीत जाऊन त्यांचे नांगर झाले, असे आपल्याकडे अजून सांगतात. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची बातमी देणारे हे पत्रक वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मागून ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली. ज्या घरात ही मासिके टपालाने येत नसत असे जुने मराठी घर आमच्या भागात विरळाच.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून १९२६ साली परतले आणि पुढे पंप, इंजिने, विजेच्या मोटारी असा पसारा हरिहर, बंगळूर आणि पुण्यापर्यंत गेला. त्या कथेचे नायक ते. म्हणून मी तिथे शिरत नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जळालेला कारखाना पुन्हा उभा राहिलेला त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यानंतर पाच आठवड्यांनी राज्यांची पुनर्रचना झाली आणि त्यांचे गुर्लहोसूर आणि त्यांचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले.

कुंडल रोड स्टेशनाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. त्या रस्त्याने कापडचोपड घ्यायला जाणाऱ्या किती जणांना तिथल्या सायकलींच्या दुकानाची आठवण असेल, देव जाणे. मागे एकदा तिथे थांबून मी दोघा-तिघा दुकानदारांना विचारले. एकाने ते नाटकवाले किर्लोस्कर असावेत असे सांगितले. दुसरा, वयाने बराच लहान, उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यात सकाळची पाळी करून संध्याकाळी भावाच्या दुकानावर बसणारा निघाला. पाळी असेपर्यंत तरी दुकानाच्या गल्ल्याला हात लावायचा नाही असे त्याने ठरवले होते. लक्ष्मणराव कोण हे त्याला ठाऊक नव्हते.